झॅबिक्स : सर्व्हरखोलीचा चोख पहारेकरी

इंदूरमधील आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरखोलीवर झॅबिक्स ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली लक्ष ठेवते. ती आयपीएमआय (सर्व्हरच्या हार्डवेअरची स्थिती कळवणारी मानक व्यवस्था) वापरते; ही माहिती मदरबोर्डवरील स्वतंत्र नियंत्रकाकडून येत असल्याने, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम कोलमडली तरी पंख्यांचा वेग, तापमान आणि वीजपुरवठ्याची स्थिती कळत राहते, आणि माझ्या मते हीच झॅबिक्सची खरी जमेची बाजू आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी एसी बंद पडला, तेव्हा आत शिरणाऱ्या हवेचे तापमान ठरवलेली मर्यादा ओलांडताच मोबाइलवर इशारा आला. व्यवस्थापकांना तो उकाडा जाणवण्याआधीच, हे विशेष.

मात्र झॅबिक्समधील ‘स्टार्टआयपीएमआयपोलर्स’ (आयपीएमआयची माहिती गोळा करणाऱ्या प्रक्रियांची संख्या ठरवणारे सेटिंग) याचे मूळ मूल्य ० असते, ते बदलून झॅबिक्स सर्व्हर पुन्हा सुरू केल्याखेरीज आयपीएमआयचा एकही आकडा येत नाही, त्यामुळे नवख्याची हमखास दमछाक होते. आलेख जेमतेम बरे आहेत.