मानसिक आरोग्याची ऑनलाइन साधनं: काही महिने वापरल्यानंतर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात चिंतेने झोप उडायला लागली, तेव्हा मी तीन गोष्टी सुरू केल्या. एक मूड ट्रॅकर, एक ध्यानाचं ॲप आणि सीबीटीवर, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायच्या उपचारपद्धतीवर आधारलेला, आपला आपण करायचा ऑनलाइन कोर्स. खरा उपयोग झाला तो कोर्सचा.

त्यात 'विचारांची नोंद' असा एक तक्ता आहे. काय घडलं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटतं, बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, आणि आता किती टक्के. मैत्रिणीने मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. मनात आलं, 'तिला मी नकोशी झालेय.' ९० टक्के! पुरावा लिहायला घेतला तर न आलेलं उत्तर सोडून काहीच सुचेना. उलट आदल्याच दिवशी तिने न मागता नोट्स पाठवल्या होत्या. आकडा ४०वर आला. तो शून्यावर यायलाच हवा असा कोर्सचा आग्रह नाही, हे मला फार आवडलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत फोनवरही चालते, कारण विचार तपासण्याचं काम आपल्यालाच करायचं असतं.

मूड ट्रॅकर मात्र रोज चेहरा निवडायला लावतो आणि आलेख दाखवतो. पुढे काय करायचं, ते सांगत नाही. वर एक दिवस चुकला की 'स्ट्रीक तुटली' अशी सूचना. आधीच खचलेल्या मुलाला हे कशाला ऐकवायचं? मला याचा खरंच राग येतो.

कुठलंही ॲप घेण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. बऱ्याच ॲपमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण २७. त्यावरून निदान होत नाही, फक्त अंदाज येतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला होकारार्थी उत्तर दिल्यावर काय होतं, ते मी मुद्दाम तपासलं. एका ॲपने लगेच हेल्पलाइन समोर आणली, दुसऱ्याने श्वासाचा व्यायाम दिला. दुसरं मी कुणालाही सुचवणार नाही. असे विचार येत असतील तर ॲप बाजूला ठेवा, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

एकट्याने केलेले असे कोर्स अर्धवट सुटतात. सोबत कुणी विचारणारं असलं की लोक जास्त टिकतात, हे अभ्यासांतही दिसलंय. माझी नोंद रविवारी ताई वाचते.

नोंदींची प्रत स्वतःकडे ठेवा. वोबॉटसारखा मानसिक आरोग्याचा गाजलेला चॅटबॉटही जून २०२५मध्ये बंद झाला. मी आता तक्ता वहीतच भरते, ध्यानाचं ॲप झोपेपुरतं ठेवलंय आणि ट्रॅकर काढून टाकलाय.