छेदात काय लपलंय? धर्मसंमत आणि नैतिक फंडांचं परीक्षण

'शरिया', 'कॅथलिक मूल्ये', 'नैतिक', 'जबाबदार' अशी विशेषणं लावलेले शेअर फंड आता भरपूर झालेत. सगळ्यांचा दावा एकच: नको त्या कंपन्या आम्ही गाळतो. म्हणून इथे परीक्षण आहे ते त्या चाळणीचं. परताव्याचे आलेख बाजूला ठेवलेत, कारण चाळणीची भोकं केवढी आहेत हे त्यांतून कळत नाही.

सुरुवात शरिया, म्हणजे इस्लामी धर्मनियम पाळणाऱ्या फंडांपासून, कारण त्यांचे नियम लेखी आहेत आणि आकड्यांत आहेत. पहिली गाळणी धंद्याची: मद्य, जुगार, डुकराचं मांस, व्याजावर चालणाऱ्या बँका, पारंपरिक विमा हे सरळ बाद. दुसरी ताळेबंदाची. बहारीनमधल्या आयोफी या मानक संस्थेच्या २१व्या मानकानुसार व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांवर जाता कामा नये. व्याजी ठेवींनाही तीच मर्यादा. निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालतं. फंड ज्यांच्यामागे चालतात ते अनेक निर्देशांक, म्हणजे निवडक शेअरांच्या याद्या, ३०ऐवजी ३३ टक्के धरतात. या तिसऱ्या हिश्शाचं मूळ सहसा 'एक तृतीयांशही पुष्कळ' या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, दाखवलं जातं. ती हदीस मृत्युपत्राबद्दलची आहे. तिथून ती कर्जाच्या गुणोत्तरात आली. ५ टक्क्यांना मात्र असा थेट आधार नाही, तो आकडा विद्वानांनी तर्काने ठरवलेला आहे.

खरी मेख छेदात, म्हणजे कर्जाला ज्या आकड्याने भागायचं त्यात आहे. डाऊ जोन्सचा इस्लामिक निर्देशांक कर्जाला मागच्या २४ महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्याने भागतो. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीची मूळ इस्लामिक मालिका एकूण मालमत्तेने भागते. समजा, एका कंपनीचं कर्ज ३०, मालमत्ता ८० आणि सरासरी बाजारमूल्य २०० आहे. पहिल्या हिशेबात १५ टक्के, म्हणजे पास. दुसऱ्यात ३७.५ टक्के, नापास. आता बाजार पडून ती सरासरी ८५वर आली, तर पहिल्या हिशेबातही ३५ टक्के होतात आणि कंपनी बाहेर जाते. तिने एक पैसाही नवं कर्ज काढलेलं नसतं! सरासरीमुळे हे हेलकावे कमी होतात, पण त्याच सरासरीमुळे बिघडलेली कंपनी उशिरा बाहेर पडते. तेजीत बाजारमूल्याचा छेद ढिला पडतो, मंदीत आवळला जातो. मालमत्तेचा छेद स्थिर असतो, पण तो कारखाने-यंत्रांनी भरलेल्या कंपन्यांना झुकतं माप देतो. आमची पसंती मालमत्तेला. धर्माचा निकाल शेअर बाजाराच्या मूडवर फिरू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

शुद्धीकरणात बहुतेक फंड कमी पडतात. चाळणीतून सुटलेल्या ५ टक्क्यांपर्यंतच्या निषिद्ध उत्पन्नाचा आपला वाटा दान करून टाकायचा असतो. ही जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं वार्षिक दान, नव्हे; पुण्यासाठी केलेला दानधर्मही नव्हे. आपली नसलेली रक्कम फक्त बाहेर काढायची. हिशेब दोन प्रकारे होतो. कंपनीचं एकूण उत्पन्न १,००० लाख रुपये, त्यातलं निषिद्ध ३० लाख, शेअरांची संख्या १० लाख आणि लाभांश शेअरमागे ८ रुपये असं धरू. लाभांशाच्या पद्धतीत ८ चे ३ टक्के, म्हणजे शेअरमागे ०.२४ जातात. आयोफीच्या पद्धतीत लाभांश वाटला असो वा नसो, ३० लाख भागिले १० लाख, म्हणजे शेअरमागे ३ द्यावे लागतात. १०० शेअरवर २४ आणि ३०० एवढा फरक. ही जबाबदारी आर्थिक वर्षाच्या शेवटी शेअर ज्याच्याकडे असेल त्याची. फंड हे स्वतः करतो की गुंतवणूकदारावर सोडतो, आणि सोडत असेल तर शेअरमागचा आकडा छापतो का, हे पाहावं. आकडा छापलेला नसेल तर आम्ही गुण कापतो.

ख्रिस्ती फंडांचा वारसा जुना आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१मध्ये, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने अमेरिकेत पॅक्स वर्ल्ड फंड निघाला. कॅथलिक फंड बहुधा अमेरिकी बिशप परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालतात. ती २०२१मध्ये सुधारली गेली. इथे टक्क्यांपेक्षा विवेकावर जास्त भर आहे, म्हणून दोन कॅथलिक फंडांच्या याद्या वेगळ्या निघू शकतात. भागधारक म्हणून कंपनीत मतदान करण्याला मात्र ही परंपरा महत्त्व देते, आणि तिथे ती शरिया फंडांच्या पुढे आहे.

नुसते 'नैतिक' म्हणवणारे फंड सर्वांत पातळ. कायदा इथे मदतीला येतो, पण मर्यादेत. फंडांच्या नावांबद्दलच्या अमेरिकी नियमाच्या २०२३च्या दुरुस्तीनुसार आणि युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार, नावात असा शब्द वापरला तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्याला धरून हवी. उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे ते यादीतच शोधावं लागतं. युरोपात १० मार्च २०२१पासून लागू झालेला नियम मुळात माहिती उघड करण्यासाठी आहे. विक्रेते मात्र त्यातली 'कलम ८' (पर्यावरण-समाजाचे मुद्दे पुढे करणारे फंड) आणि 'कलम ९' (शाश्वत गुंतवणूक हेच उद्दिष्ट असलेले फंड) ही दर्जाचे शिक्के असल्यासारखी मिरवतात. बोललात तसं केलंत का, एवढंच कायदा विचारतो. अपवाद क्लस्टर बॉम्बचा, म्हणजे फुटून असंख्य छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या बॉम्बचा: त्यांच्या उत्पादकांत पैसे गुंतवण्यावरच बेल्जियमने २००७मध्ये बंदी घातली.

दुसऱ्यांचा पैसा सांभाळणाऱ्या विश्वस्तांना आणखी एक अट. इंग्लंडमध्ये कावन विरुद्ध स्कारगिल या १९८४च्या निकालाने पेन्शन विश्वस्तांना सांगितलं, सभासदांचं आर्थिक हित सहसा पहिलं. बटलर-स्लॉस प्रकरणात २०२२मध्ये धर्मादाय विश्वस्तांना, आर्थिक तोटा तोलून, उद्देशाशी विसंगत गुंतवणूक टाळण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे एकच फंड धर्मादाय न्यासाला चालेल आणि पेन्शन निधीला अडचणीत आणेल.

खरेदीआधी जाहिरात नको, निर्देशांकाची कार्यपद्धती मागवा. तीत छेद, फेरतपासणी किती महिन्यांनी होते, नापास कंपनी विकायला किती मुदत आहे, आणि त्या मुदतीतला नफा कुठे जातो, या चार गोष्टी शोधा. मग पहिल्या दहा कंपन्या पाहा. बँका गाळल्या की तंत्रज्ञान कंपन्यांचं वजन फुगतं, आणि धर्माच्या नावाखाली आपण एकाच क्षेत्रावर पैज लावून बसतो. बाद केलेल्या कंपन्यांची कारणं छापणारा फंड विरळाच. कोणत्या कंपन्या गाळाव्यात याचा सल्ला देणारी नैतिक परिषद २००४पासून असलेला नॉर्वेचा सरकारी निधी ती नावानिशी प्रसिद्ध करतो, त्यामुळे इतरांना ते जमत नाही असं म्हणायला जागा नाही.