केस, खेळ की मोंढा: बीबीएच्या वर्गासाठी काय निवडाल?

बीकॉम-बीबीएच्या वर्गात नोट्स उतरवून देण्यापलीकडे काही करायचं ठरवलं, की तीन पर्याय पुढे येतात: केस स्टडी (धंद्यातला एखादा पेच मांडून चर्चा), सिम्युलेशनचा म्हणजे धंद्याची नक्कल करणारा खेळ आणि फील्ड प्रोजेक्ट. एका सत्रात तिन्ही धड होत नाहीत. लातूर-नांदेडकडच्या साठ-सत्तर पोरांच्या वर्गासाठी मला विचाराल, तर आधी मराठीतली छोटी केस, मग मोंढा, म्हणजे धान्याच्या बाजारातला फील्ड प्रोजेक्ट.

केस पद्धत रुजवली हार्वर्ड बिझनेस स्कूलने, १९२० च्या दशकात. तिथल्या केस मात्र पानंच्या पानं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेलं पोरगं तिसऱ्या पानावर गळतं आणि चर्चा चौघांतच उरकते. त्यापेक्षा दीड पानाची आपली केस लिहा. सोयाबीन निघालंय, भाव क्विंटलला ४,००० धरू. शेतकऱ्यानं आज विकावं, की राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवावा? तिथं किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. म्हणजे हातात ३,००० आणि व्याज ९० च्या आसपास. माल सुकून दोन टक्के घटला, तर आणखी ८० गेले. मग भाव किती चढला म्हणजे थांबणं परवडलं? आणि आडत्याकडून घेतलेली उचल आधीच डोक्यावर असेल तर? खेळतं भांडवल, व्याज, जोखीम, सगळं इथंच येतं. एरवी तोंड न उघडणारी पोरंही बोलतात, कारण हा हिशेब त्यांच्या घरी दर दिवाळीला होतो. अशी केस लिहायला मास्तरांचे रविवार जातात, हे खरं. शेवटी ‘सर, मग बरोबर उत्तर काय?’ हेही येणारच. देऊ नका.

खेळाचं थोडक्यात. सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर पैसे घालू नका. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकात जन्मलेला ‘बिअर गेम’ कागदावर होतो. बिअरच्या जागी सिमेंटच्या गोण्या घ्या. गिऱ्हाईकाची मागणी चारवरून आठवर जाते आणि तिथंच राहते, तरी दुकानदार, घाऊकवाला, वितरक आणि कारखाना यांच्या ऑर्डरी वेड्यावाकड्या उसळतात. एक दुपार मजेत जाते, पुरवठा साखळी डोक्यात बसते. सत्रभर पुरेल एवढा माल त्यात नाही.

फील्ड प्रोजेक्ट नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्रेडिटमध्ये आलाच आहे, तेव्हा तो होणारच. प्रश्न एवढाच, की गेल्या वर्षीच्या फाइलला नवं कव्हर लागणार की खरं काम होणार. मोठ्या कंपनीत पोरांना सर्टिफिकेट मिळतं. मोंढ्यातल्या भुसार दुकानात धंदा दिसतो. दुकान गटालाच निवडू द्या. स्वतः निवडलेल्या कामाला पोरं जास्त चिकटतात. ‘नफा किती?’ विचारलं तर शेठ चहा पाजून वाटेला लावतील. ‘उधारी किती दिवसांनी येते?’ विचारलं तर तासभर बोलतील. कृषी सेवा केंद्रात पेरणीच्या दिवसांत पाठवू नका, कुणाला मान वर करायला सवड नसते. खेड्यावरून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून भेटी सकाळीच ठेवा.

या पद्धतीचं खरं दुखणं म्हणजे पाचांच्या गटात दोघं राबतात. त्यावर उपाय गुणांत आहे: अंतर्गत गुणांतले निम्मे गटाच्या अहवालाला, निम्मे प्रत्येकाच्या हातानं लिहिलेल्या वहीला. कोणत्या दुकानात कधी गेलो, काय विचारलं, काय उत्तर आलं, एवढंच त्यात हवं. वही कोरी तर गुण नाहीत, हे पहिल्याच तासाला सांगून टाका.