ऑफिसातला व्हीआर हेडसेट : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या खराडीच्या ऑफिसात एचआरने ‘वेलबीइंग रूम’ काढली. पूर्वीची स्टेशनरीची खोली. आता तिथे फिरती खुर्ची, एक मेटा क्वेस्ट ३ (डोक्यावर चढवून डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट) आणि दारावर बुकिंगचा क्यूआर कोड. स्लॉट पंधरा मिनिटांचा. मी कस्टमर सपोर्टला, म्हणजे लोकांचा राग ऐकून घेण्याचाच पगार. नवलाईची गर्दी ओसरल्यावर जे मोजके टिकले त्यांत मीही आहे.

जास्त वापरलं ते नेचर ट्रेक्स हे ॲप. समुद्र, जंगल, बर्फ. काहीही जिंकायचं नसतं, हे उत्तम. ट्रिप नावाच्या ॲपमध्ये श्वासाबरोबर चमचमती धूळ आतबाहेर होते. नुसते डोळे मिटले तर माझ्या डोक्यात पेंडिंग तिकिटंच, म्हणजे न सुटलेल्या तक्रारीच फिरतात. इथे नजर गुंतते आणि श्वास आपोआप लांबतो. एखाद्या खवळलेल्या कॉलनंतर खांदे सैल होतात, हे खरं. टिकतं किती? पुढचे दोन-तीन कॉल. बीट सेबरमध्ये तालावर ठोकळे कापायला मजा यायची, पण खोली अरुंद, हात भिंतीवर आपटायला लागले, तेव्हा ते बंद झालं.

नवख्यांनी हातातल्या कंट्रोलरची जॉयस्टिक पुढे ढकलून आभासी जगात सरकत चालू नये. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल म्हणतो बसलोय, आणि भांडण पोटात उतरतं. टेलिपोर्टने, म्हणजे पुढची जागा निवडून थेट तिथे पोहोचत, टप्प्याटप्प्याने जा.

वजन ५१५ ग्रॅम, तेही बहुतेक पुढच्या बाजूला. चष्मा आत मावतो, पण अंबाडा किंवा क्लचर असला की मागचा पट्टा नीट बसत नाही. काजळ, तेल, घाम हे सगळं फोमला लागतं, म्हणून प्रत्येकाने वाइप्सने पुसायचं. भिंगांना मात्र वाइप्स नाही, कोरडं मायक्रोफायबरच. खिडकीला जाड पडदा हवा. भिंगावर थेट ऊन पडलं तर आतली स्क्रीन जळते. बॅटरी दोन तासांच्या आसपास, त्यामुळे मधल्या वेळात चार्जिंगला लावायची जबाबदारी कुणा एकाकडे द्या.

एचआरचा सर्व्हेही आहे, आधी आणि नंतर १ ते ५ मूड स्कोअर. नंतर सगळे ४ दाबतात, कारण ३ दाबलं की खाली कारण लिहावं लागतं.

माझ्या मते फायदा देखाव्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. डेस्कवर डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुणीही ‘अगं, एकच मिनिट’ म्हणून उठवतं. डोक्यावर यंत्र असेल तर उठवत नाही. चार्ज उतरलेला हेडसेट चढवून निवांत बसणारी मंडळीही आमच्याकडे आहेत.

आता दुसरा हेडसेट घ्यायचं चाललंय. आमच्या टीमने त्याऐवजी रात्रपाळीला एक जादा माणूस मागितलाय. मेल वर गेलाय, उत्तर यायचंय.