कंपवाताची पुडी आणि बंद केलेल्या गोळ्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घरात घडलेलं हे मुद्दाम लिहितोय. घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, पेशंट असेल तर सगळ्यांना वाचून दाखवा.

आजोबांना पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झालेली. कंप आणि ताठरपणा आवरणारी लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा. ओळखीच्या ओळखीनं एक ‘वैद्य’ घरी आला. आधी फाईल मागितली, गोळ्यांची नावं वाचली, मग म्हणाला, “मामा, ह्या गोळ्यांनीच अंग कापायलंय. त्या बंद करा, तीन महिन्यांत रोग मुळासकट जातोय बघा.” तीन महिन्यांचे 18,000 आगाऊ घेतले, पुड्या दिल्या एकाच महिन्याच्या. पावती कन्नडमध्ये आणि आजोबा मराठी शाळेत शिकलेले. पुढं नातवानं वाचली, तर तिच्यावर ‘चूर्ण’ एवढंच.

पहिल्या आठवड्यात हात खरंच थांबला, आणि तिथंच घर फसलं. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा मुळातच असतो. असल्या पुडीत ती बी असू शकते, नाहीतर चक्क कुटलेली गोळीसुद्धा. म्हणजे बंद केलेलं औषधच दुसऱ्या वाटेनं पोटात जातं, पण किती जातं त्याचा पत्ता नाही. कार्बिडोपाची जोड नसेल तर बराचसा लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडतो आणि मळमळतं. जास्त झाला तर मान, हात आपोआप वळवळतात; घरच्यांना सांगितलं जातं, “रोग बाहेर पडायलाय.” त्यात पुडी कोमट दुधातून घ्यायला सांगतात. दुधातली प्रथिनं लेव्होडोपाला आतड्यात अडवतात. डॉक्टरांची गोळीही म्हणूनच जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची.

महिना संपला, वैद्याचा फोन बंद. गोळ्या आधीच सुटलेल्या, आता पुडीही संपली. तिसऱ्या दिवशी आजोबांचं अंग लाकडासारखं झालं, पाण्याचा घोट उतरेना, सणकून ताप, असंबद्ध बडबड. डेंग्यू समजून दोन दिवस गेले. लेव्होडोपा एकाएकी तुटला की असं होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. अशा वेळी गावात न थांबता थेट आयसीयू असलेला दवाखाना गाठा, आणि गोळ्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत हे सगळ्यात आधी सांगा. आजोबा वाचले, पण आधाराशिवाय उठणं अजून जमत नाही.

औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये पार्किन्सनिझमचं नाव आहे, तो बरा करण्याचा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही. आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर पाकिटावर घटक, बॅच नंबर आणि उत्पादन परवाना क्रमांक बघा, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, आणि चालू गोळी स्वतःहून कमी करू नका. पुडी आधीच सुरू असेल तर तीही एकदम तोडू नका. ती सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. उरलेली एक पुडी आणि पावती जपून ठेवा, तक्रारीला तीच लागते.