डेड सेल्स, काही महिन्यांनंतर: पुन्हा त्याच कोठडीतून

रोगलाइट गेम (मेलात की पुन्हा सुरुवातीपासून, पण काही कमाई टिकते) चांगला की वाईट, हे शेवटच्या बॉसवरून, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूवरून, ठरवू नये, पहिल्या पाच मिनिटांवरून ठरवावं. शेवटचा बॉस तुम्हाला क्वचित दिसणार. पहिली पाच मिनिटं मात्र मेलात की हजर, पुन्हा मेलात की पुन्हा हजर. डेड सेल्स कित्येक महिने खेळल्यावरही मला त्याच्या सुरुवातीचाच कंटाळा येत नाही, आणि हा गेम टिकला तो त्यामुळेच असं माझं मत आहे.

एक लिबलिबीत गोळा मुंडकं नसलेल्या धडात शिरतो, धड उठून उभं राहतं आणि गेम सुरू. हातात गंजकी तलवार, समोर धनुष्य आणि ढाल, त्यातलं एक उचलायचं. पुढे अपग्रेड मिळत गेले की या सुरुवातीच्या हत्यारांच्या जागी दर वेळी वेगळंच काहीतरी मिळू लागतं. नकाशा बदलतो, पण कैदखाना कैदखानाच राहतो. तेच सांगाडे, तेच तिरंदाज. तरी मजा येते, कारण नुसतं पळणंच इतकं झकास आहे. उडी जरा कमी पडली तर पात्र कड्याला हात घालून स्वतःच वर येतं. रोल मारलात तर शत्रूच्या आरपार जाता येतं. दार उघडत बसायचं नाही, फोडायचं, म्हणजे पलीकडचा शत्रू काही क्षण गांगरलेला सापडतो. झटपट बऱ्याच जणांना लोळवलं तर थोडा वेळ वेग वाढतो, आणि मग थांबावंसंच वाटत नाही.

वेगाची ही चटक नियमांतही मुरवली आहे. मार बसला की गेलेलं रक्त लगेच पूर्ण जात नाही. रक्ताच्या पट्टीचा एक भाग नारिंगी होतो आणि तुम्ही चटकन उलटा वार केलात तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. घाबरून मागे सरकणाऱ्याचं नुकसान, अंगावर जाणाऱ्याचा फायदा. शिवाय वेळेची दारं आहेत. कैदखान्यानंतरचं पहिलं दार २ मिनिटांत गाठलं तरच उघडतं, आत सेल्स, सोनं वगैरे असतं. कोपरा न् कोपरा धुंडाळणाऱ्यांच्या तोंडावर ते बंद होतं. मी धुंडाळणाऱ्यांतला. सगळे स्क्रोल (ताकद वाढवणाऱ्या गुंडाळ्या) गोळा केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि खालच्या अवघडपणावर तरी त्याने काही अडत नाही.

गेमच्या नावातले सेल्स शत्रू मारून मिळतात, पण ते खर्च करता येतात दोन टप्प्यांच्या मधल्या खोलीत, कलेक्टर नावाच्या त्या टोपडंवाल्याकडे. तिथवर पोचण्याआधी मेलात तर सगळे गेले. नव्या हत्याराच्या ब्लूप्रिंटचंही (आराखड्याचंही) तसंच, जिवंत नेऊन दिली तरच तुमची. त्यामुळे खिशात सेल्स खुळखुळत असताना समोर शापित पेटी दिसली की डोकं चालेनासं होतं. पेटीत हमखास चांगला माल असतो. पण उघडली की एक घाव आणि खेळ खलास, साधारण दहा शत्रू मारून शाप उतरेपर्यंत. माझा नियम: बॉसच्या आधीच्या टप्प्यात पेटीला हात लावायचा नाही. पाळला जात नाही, ती गोष्ट वेगळी.

पण ब्लूप्रिंटचा ओघ कधीतरी आटतो. रोगलाइटमधला कस इथे लागतो: उघडायला काही उरलं नाही, तर खेळायचं कशाला? डेड सेल्सचं उत्तर बॉस सेल. शेवटचा बॉस हरवला की एक मिळतो, तो लावला की पुढची रन, म्हणजे पुढची फेरी, अवघड, असे एकूण पाच. फक्त शत्रूंचं रक्त फुगवून ठेवलंय असं नाही. बाटलीत औषध भरून मिळणं कमी होत जातं, उशिराच्या टप्प्यांतले शत्रू लवकर भेटू लागतात, वरच्या पातळ्यांवर तर तुम्ही पळालात तर शत्रू गायब होऊन थेट तुमच्याजवळ उगवतात. म्हणजे ज्या पळण्यावर आत्तापर्यंत निभावलं, तेच काढून घेतात. पहिला सेल सहज पचतो. खरी भिंत दुसऱ्या-तिसऱ्याला लागते. ढाल ही तोवर बॅगेतली अडगळ वाटते, तिथे पॅरी, म्हणजे नेमक्या वेळी ढालीने वार परतवणं, शिकावीच लागते. हँड ऑफ द किंग या शेवटच्या बॉसच्या भाल्याचे वार रोलने चुकवण्यापेक्षा ढालीवर घ्यायला जमले, की तोच बॉस निम्म्याने सोपा वाटतो. पाचव्याला मलेज नावाची व्याधी मागे लागते. तिचे नियम एका अपडेटमध्ये बदलले आहेत, तरी माझं तिच्याशी काही जुळत नाही. सतत तिची पट्टी बघत खेळणं मला कटकटीचं वाटतं.

आता न पटणाऱ्या गोष्टी. स्क्रोल तीन रंगांचे, लाल, जांभळा आणि हिरवा, आणि हत्याराचा जोर त्याच्या रंगाच्या स्क्रोलवर ठरतो. एका स्क्रोलने मार साधारण १५ टक्के वाढतो, तोही चक्रवाढीने. हिशेब उघड आहे: एकच रंग धरा. इतकी सगळी हत्यारं असूनही वरच्या पातळीवर तुम्ही एका रंगाच्या कप्प्यात कोंडले जाता. आवडतं जांभळं धनुष्य दिसतं आणि तुम्ही ते सोडून देता, कारण या रनमध्ये तुम्ही लाल. दुसरं, उघडलेलं प्रत्येक हत्यार त्याच गठ्ठ्यात जाऊन पडतं, त्यामुळे भाराभर उघडलंत की हवं ते हाती लागण्याची शक्यता घटते. कस्टम मोडमध्ये नको ती हत्यारं बंद करता येतात, हे लक्षात ठेवा. आणि शेवटी शेवटी पडद्यावर ग्रेनेड, सापळे, आगीच्या ज्वाळा यांची अशी गर्दी होते की शत्रूने हात कधी उगारला ते कळतच नाही.

गोष्ट? आहे, भिंतींवरच्या चिठ्ठ्यांत विखुरलेली. वाचा, नाही तर नका वाचू.

गेम बनवला मोशन ट्विनने. बोर्दोची ही सहकारी तत्त्वावर चालणारी मंडळी, सगळ्यांना सारखा पगार. २०१७ च्या मे महिन्यात अर्ली अॅक्सेस (अपुरा असतानाच विक्रीला) आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्ण गेम. नंतरची बरीच वर्षं एव्हिल एम्पायर या स्टुडिओने अपडेट सांभाळले, ते थांबले २०२४ मध्ये. म्हणजे आज घेणाऱ्याला गेम पूर्ण झालेला मिळतो, आणि उद्या एखाद्या अपडेटमध्ये आवडतं हत्यार लुळं होईल ही धास्ती नाही. २०२२ मध्ये असिस्ट मोडही आला: पॅरीची वेळ वाढवा, सापळ्यांचा मार कमी करा, हवं तर मेल्यावर तिथूनच पुढे खेळा. ज्यांना वेळ कमी किंवा बोटं साथ देत नाहीत, त्यांनी तो बिनधास्त वापरावा. 'खरा खेळाडू असलं काही वापरत नाही' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

डीएलसी (वेगळी विकत घ्यायची भर) कुठली घ्यायची, हे वारंवार विचारलं जातं. मी तरी पहिल्या पाच मिनिटांच्याच मापाने मोजतो. द बॅड सीड आणि रिटर्न टू कॅसलवेनिया या दोन्हींचे रस्ते थेट कैदखान्यातून फुटतात, म्हणून त्यांचा उपयोग प्रत्येक रनला. फेटल फॉल्स मधल्या टप्प्यांत येते. द क्वीन अँड द सी अगदी शेवटाकडे आहे, दीपगृहावरची लढत भन्नाट, पण तिथवर नियमित पोचत असाल तरच पैसे वसूल. मूळ गेममध्ये निदान दुसरा बॉस सेल लागेपर्यंत काहीच विकत घेऊ नका. आणि जमलं तर कंट्रोलर वापरा. कीबोर्डवर चालतं, पण रोल आणि ढाल ही दोन बटणं अंगठ्यापासून लांब असतील तर तिसऱ्या सेलला फार जड जातं.