खाणीतली शेती बघून आलो, ५ पैकी साडेतीन

बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत पालेभाज्या पिकवतात तिथली दीड तासाची टूर केली. खाणीतल्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जावं लागेल म्हणून आधीच टरकली होती, पण इथे डोंगराच्या पोटात सरळ शिरणारा बोगदा आहे, गाडीपण आत जाते, आणि मधे दगडाचे जाडजूड खांब सोडून खणलेली दालनं. बाहेर घामाच्या धारा आणि आत १२-१३ डिग्री, वर्षभर जवळपास तेवढंच, त्यामुळे जॅकेट न्याच. आत जाताना बूट बदलायला लावतात, कीड येऊ नये म्हणून, ते आवडलं. एलईडीच्या गुलाबी उजेडात मजल्यावर मजले लावलेले ट्रे, माती नाहीच, मुळं पाण्यात. फोटो मात्र सगळे जांभळे येतात.

आता तक्रार. झाडं पाण्याची वाफ सोडत राहतात आणि ती जायला वाट नाही, म्हणून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारी यंत्रं) आणि पंखे सतत चालू, गाईडचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. जे ऐकू आलं त्यातलं एक चूक होतं, म्हणे जितकं खोल तितकं थंड. अहो उलट, साधारण दर किलोमीटरला २५-३० डिग्रीने दगड तापत जातो! कुठलीही जुनी खाण चालेल हेपण तसंच. कोळशाच्या खाणीत मिथेन असू शकतो, पंप बंद पडून वर्षं झाली असतील तर आत पाणी भरलेलं असतं.

वीज किती लागते विचारलं तर गाईडसाहेबांनी विषयच बदलला. अख्खी मेख तिथेच आहे ना, थंडावा फुकट मिळतो पण ऊन विकत घ्यावं लागतं, वरच्या शेतात ते फुकट आहे. लंडनमध्ये क्लॅपहॅमला दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बशेल्टरमध्ये, ३३ मीटर खाली, अशीच पालेभाज्यांची शेती होती, तीही शेवटी बंद झाली.

बंदिस्तपणाच हवा असेल तिथे मात्र हे पटतं. कॅनडात फ्लिन फ्लॉनच्या खाणीत सरकारी कंत्राटावर औषधी गांजा पिकवायचे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी इंडियानातल्या खाणीत मका लावला, जीएम (जनुकं बदललेल्या) पिकाचे पराग बाहेर उडू नयेत म्हणून, रोज दोन तास गारवा वाढवून ताटं बुटकी ठेवली आणि दाणे तेवढेच आले. हे सगळं मला टूरमध्ये ऐकायचं होतं, घरी येऊन वाचावं लागलं.

शेवटच्या दालनात मशरूम होते, अंधारात, एक साधा बल्ब. पॅरिसवाले एकोणिसाव्या शतकात जुन्या दगडखाणींत हेच करायचे. तिथे पाचच मिनिटं थांबवलं, आणि मला तेवढंच दालन खरं धंद्याचं वाटलं. जाणार असाल तर शेवटची बॅच घेऊ नका, फार घाई करतात.